न्यूट्रलमध्ये सापडलेली गाडी

अपघात झालेल्या गाडीत बसून मी तिचा गिअर न्यूट्रल केला. पंचनामा व्हायच्या आधी, फोटो निघायच्या आधी, अंगावर पूर्ण गणवेश असताना. त्या गाडीत खोटं बोलू न शकणारा एक साक्षीदार होता आणि त्याचं तोंड मी माझ्या डाव्या हाताने बंद केलं.

नोकरीत बरेच गुन्हे उघड केले, काहींबद्दल शाबासकीही मिळाली. पण कोणी 'साहेब, एखादी केस सांगा' म्हणालं की त्या शाबासकीच्या केसेस मागे राहतात आणि ही पुढे येते. मी विसरायला तयार असतो. डावा हात तयार नसतो. आजही कुठल्याही गाडीत बसलो की तो आधी मांडीखाली जातो.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगावच्या बाजूच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. मी मूळचा घाटावरचा. आमच्याकडे घाटात गाडी चालवणारा माणूस स्वतःला जगातला शेवटचा ड्रायव्हर समजतो, आणि मीही समजत होतो. इथला सपाट मुलूख पाहून पहिल्या आठवड्यात मी हवालदाराला म्हणालो होतो, "इथे गाडी चालवायला काय लागतं?" हवालदार जुना, याच भागातला. तो म्हणाला, "काही नाही साहेब. रोवणी येऊ द्या."

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली. इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं, बांध्यांमध्ये चिखलणी सुरू झाली. ज्यांनी धानाचा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा, आणि चिखलणीच्या ट्रॅक्टरला रबरी नाही, लोखंडी पिंजऱ्याची चाकं असतात. ती चाकं एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना डांबरी रस्ता ओलांडतात आणि प्रत्येक वेळी घमेलंभर चिखल रस्त्यावर सोडतात. त्यावर झिमझिम पाऊस पडला की लोणी पसरल्यासारखा थर होतो. लांबून रस्ता काळा आणि चांगला दिसतो. चाक त्यावर गेलं की मग कळतं.

सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलाचा उतार उतरताना एक चारचाकी घसरली, रस्त्याच्या कडेला धानाच्या रोपांच्या पेंढ्या उचलत असलेल्या एका बाईला आपल्या मागच्या बाजूने धडकली आणि तोंड खाली करून बांधीत गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा रुग्णवाहिका बाईला घेऊन निघत होती. मांडीचं हाड मोडलं होतं. बाकी रोवणाऱ्या बाया पदर तोंडाशी धरून बांधावर उभ्या होत्या.

गाडीत दोघेच होते. एक गोंदियाचा तांदळाच्या मिलचा मालक, वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, लांब पायांचा, बांधावर डोक्याला रुमाल लावून बसलेला. दुसरा त्याचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, जेमतेम पाच फुटांचा, वाळक्या अंगाचा. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "गाडी मीच चालवून राह्यलो होतो जी."

तपास अधिकाऱ्याला यापेक्षा गोड वाक्य नसतं. आरोपी हजर, कबुली तयार, ऊन चढायच्या आत काम आटोपणार. बाजूच्या बांधीत चिखलणीचा एक ट्रॅक्टर होताच. त्याला दोर बांधला. गाडी मागे ओढायची तर चाकं मोकळी हवीत. "सरका," असं म्हणून मी स्वतः चिखल तुडवत गेलो, ड्रायव्हरच्या सीटवर आरामात बसलो, हात टाकला आणि गिअर न्यूट्रल केला. खिडकीतून अंगठा दाखवला. ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली. बायांपैकी एक म्हणाली, "साहेब कामाचा हाय." मला बरं वाटलं.

मग पंचनामा केला. गाडी ठाण्याच्या आवारात आणून कुलूपबंद केली, किल्ली मुद्देमालात जमा केली. दोन दिवसांनी मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. सीटवर चिखलाचा थर होता, म्हणून त्यांनी बाहेर उभं राहून आत हात घालूनच बरंचसं पाहिलं. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायर ठीक. अहवालात एक ओळ होती: गिअर न्यूट्रल स्थितीत आढळला. निरीक्षक जाताना मला म्हणाले, "उतारावर न्यूट्रल केली असणार. डिझेल वाचवायची सवय. हे भाड्याचे ड्रायव्हर असेच."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर उतारावर गाडी न्यूट्रल करायची सवय मलाही होती. पण दुसऱ्याच्या सवयीवर बोलायला स्वतःची सवय आड येत नाही. मी ड्रायव्हरला बोलावून घेतलं आणि समोर उभं करून चांगलं वीस मिनिटं सुनावलं. न्यूट्रलमध्ये इंजिन गाडीला धरत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की चाक अडकतं आणि गाडी घसरते, एका बाईचा पाय तू मोडलास, तुझं लायसन्स आता जाणार आणि तू बहुधा आत जाणार. तो माझ्या टेबलाच्या कडेकडे बघत ऐकत होता. मधे एकदा त्याचे ओठ हलले. मला वाटलं, पश्चात्ताप.

हयगयीने वाहन चालवून गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा आधीच नोंदवलेला होता. आता त्यात न्यूट्रलचा मजकूर घालून कागद आणखी घट्ट केले. लायसन्स जप्त, निलंबनाचा प्रस्ताव रवाना.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरची बायको ठाण्यात आली. तक्रार द्यायची नव्हती, अर्ज नव्हता. ठाणे अंमलदाराने बाकावर बसायला सांगितलं तर बसली नाही. थेट माझ्या दारात.

"साहेब, माया माणसानं गाडी न्यूट्रल केली असं तुमी काऊन लिवलं?"

मी म्हणालो, "बाई, मी नाही लिहिलं. तपासणीत आढळलं."

"आमच्या वस्तीतले दहा-बारा लोक त्यायच्या हातानं गाडी शिकले. माह्या भावानं एकदा उतारावर न्यूट्रल केली त गाडी थांबवून खाली उतरवलं होतं त्याले. चालत घरी आला. न्यूट्रलमंदी गाडी आपली नसते, रस्त्याची असते, असं सांगते तो. अन् तोच करन का?"

"मग त्याने तसं का नाही सांगितलं? कबूल का केलं?"

"आमचं घर मिलच्या आवारात हाय जी. सेठनं बसवलेलं. वीस वर्सं झाली." एवढंच बोलली. मग पुन्हा मूळ मुद्द्यावर आली. "न्यूट्रल होती थे पहिल्यांदा कोनं पाह्यलं? मले त्याचं नाव सांगा, मी त्याले पुसतो."

"निरीक्षक साहेबांनी," मी म्हणालो. ती गेली.

पोलीस ठाण्यात खबरी नावाचा प्राणी असतो. तो कोपऱ्यात बोलावून, इकडे-तिकडे बघून माहिती देतो. या केसमधली खबर मला भर दुपारी, दारात उभं राहून, आवाज चढवून दिली गेली होती, आणि मी ती खबर आहे हे ओळखलंही नाही. ओळखलं ते माझ्या हवालदाराने. तो फाईल बांधता बांधता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, न्यूट्रल तर तुम्ही केली होती."

मी म्हणालो, "कधी?"

"गाडी ओढली तेव्हा. अंगठा दाखवला होता तुम्ही."

पुढे विचारायची गरज राहिली नाही. कारण मला आठवलं. अंगठा आठवला, ट्रॅक्टर आठवला, ती 'कामाचा हाय' म्हणणारी बाई आठवली. गाडी गिअरमध्ये होती म्हणूनच तर मला ती न्यूट्रल करावी लागली होती. पण कोणत्या गिअरमध्ये?

ते काही केल्या आठवेना.

पुढचे दोन दिवस मी सैरभैर होतो. आवारात उभ्या असलेल्या सरकारी गाडीत जाऊन बसायचो, डोळे मिटायचो आणि गिअर टाकायचो. पहिला, न्यूट्रल. दुसरा, न्यूट्रल. हात पुढे ढकलला होता की मागे ओढला होता? माझ्या हाताला वाटत होतं की पुढे ढकलला, आणि शेजारच्या सीटच्या बाजूला लांबवावा लागला. म्हणजे दुसरा. पण हे हाताला खरंच आठवत होतं, की मला तसं हवं होतं म्हणून हात होकार देत होता? वीस-वीस वेळा केल्यावर दोन्हीत फरक राहत नाही. चहा घेऊन आलेल्या माणसाने हवालदाराला विचारलेलं मी ऐकलं, "साहब गाड़ी सीख रहे हैं क्या?" हवालदार म्हणाला, "हो. उशिरा का होईना."

जेवायला बसलो की उठावंसं वाटायचं, ठाण्यात आलो की घरी जावंसं वाटायचं. एका माणसाचं लायसन्स म्हणजे त्याचे हातपाय. ते मी काढून घेतलं होतं, वर त्याला वीस मिनिटं भाषण दिलं होतं, आणि भाषणातला गुन्हा माझा होता. शेवटी स्टेशन डायरीत स्वतःच्या हाताने नोंद केली: सदर वाहनाचा गिअर घटनास्थळी मी स्वतः न्यूट्रल केला, पूर्वस्थिती नमूद केली नाही. दोन ओळी. त्या लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी मी दोषारोपपत्र लिहिलं असतं.

मग गोंदियाच्या दवाखान्यात जखमी बाईकडे गेलो. पहिल्या दिवशी तिचा जबाब घेतला होता, चार ओळींचा: मी पाठमोरी होते, मला काही दिसले नाही. पायाला वजन बांधून ती पडून होती. मी खुर्ची ओढून बसलो.

"बाई, गाडी येताना काही ऐकू आलं होतं का?"

"आलं नं."

"काय?"

"आधी गाडी बोंबलली. मोठ्यानं, घाण्यात ऊस अडकल्यावानी. मंग खरडत खरडत आली. म्या मागं पाहीन तवर पडली मी."

"हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तुमी 'पाह्यलं का' म्हनून पुसलं. आयकलं का म्हनून कुठं पुसलं?" आणि मग तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली, "पाय मोडला माया, अन् कान या साहेबाचे गेले."

मी उठलो. न्यूट्रलमधली गाडी बोंबलत नाही. ती गुपचूप येते, हेच तिचं भय असतं. बोंबलणं म्हणजे वेगात असलेल्या गाडीत कोणीतरी खालचा गिअर घातला आणि क्लच एकदम सोडला. इंजिन ओरडतं, मागची चाकं जागच्या जागी अडकतात, चिखलावर त्यांची पकड सुटते आणि गाडीची शेपूट फिरते. म्हणूनच बाईला पुढच्या नव्हे, मागच्या बाजूची धडक बसली होती. हे सगळं मी रस्त्यावरच्या खुणांवरून पहिल्याच दिवशी वाचायला हवं होतं. पण पहिल्या दिवशी माझ्याकडे कबुली होती. कबुली असली की पोलीस रस्त्याकडे बघत नाही.

ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं. ठाण्यात तासभर विचारलं. तो एकच वाक्य फिरवत राहिला: मीच चालवून राह्यलो होतो जी. आवाज नाही, राग नाही, डोळे टेबलाच्या त्याच कडेवर. अशा माणसावर ओरडून उपयोग नसतो. खोटं बोलणारा घाबरला तर फुटतो. हा घाबरलेला नव्हता, त्याने ठरवलेलं होतं.

मी म्हणालो, "चल, जागा दाखव." सरकारी गाडी काढली. चालवायला मी बसलो, शेजारी त्याला बसवलं, मागे हवालदार. पुलाच्या अलीकडे गाडी हळू केली. रस्त्यावर ट्रॅक्टरचा ताजा चिखल होताच.

"म्हणजे इथे तू चौथ्यात होतास," मी म्हणालो. "समोर बाया दिसल्या. तू ब्रेक मारलास, गाडी थांबेना. मग तू चौथ्यातून थेट दुसरा घातलास आणि क्लच सोडून दिलास."

"मी?" तो एकदम माझ्याकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "असं गाढवपन मी कायले करीन जी? चिखल दिसला का वरच गाडी हळू करा लागते. चौथ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून दुसऱ्यात, क्लच हळूहळू सोडत. उतारावर येता येता गाडी गिअरनं धरलेली पाह्यजे. ब्रेकवर नुसता पाय टेकवा लागते. पाय दाबला का गेली. हे त म्या माह्या साळ्याले..."

तो पुन्हा समोर बघायला लागला. खिडकीची काच अर्धी खाली होती, ती त्याने उगाच पूर्ण खाली केली.

मागून हवालदाराने खाकरून घेतलं. इथे मी नुसता गप्प बसलो असतो तरी पुरलं असतं. पण मला वाटलं, याला आता दाखवूनच द्यावं की मलाही कळतं. "म्हणजे असं ना?" म्हणून मी उतारावर गाडी घातली. चौथ्यातून तिसऱ्यात आणताना त्याच्याकडे बघत होतो. चाक चिखलावर गेलं, गाडीने डावीकडे अंग टाकलं, मी ब्रेक दाबला, आणि सरकारी गाडी पुलाच्या खाली, कच्च्या कडेला, दोन चाकं रुतवून उभी राहिली.

मग मी तेच केलं जे मी वीस मिनिटांच्या भाषणात करू नये म्हणून सांगितलं असतं, मला ते माहीत असतं तर. पहिला गिअर घातला आणि अॅक्सिलरेटर दाबला. चाक जागेवर भिंगरीसारखं फिरलं, चिखल हवालदाराच्या खिडकीवर उडाला, गाडी आणखी चार बोटं खाली गेली. पुन्हा दाबला. आणखी चार बोटं. बाजूच्या बांधीतल्या रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघायला लागल्या.

"गाडी रोवून राह्यले का जी साहेब?" एकीने विचारलं.

ड्रायव्हर खाली उतरला. बांधावर जनावरांसाठी ठेवलेलं तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, होतं, त्यातले दोन कवळे मागून घेतले, चाकांच्या पुढे हाताने दाबून घातले. मग माझ्या दाराशी आला. "उतरा जी."

मी उतरलो. तो बसला. आणि बसल्याबरोबर त्याने पहिली गोष्ट केली ती ही: हात सीटच्या खाली घातला, दांडी ओढली आणि सीट तीन खटके पुढे घेतली. तरीही अंग पुढे सरकवून, खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून पाठीमागे घातला. मग डावा पाय क्लचवर पूर्ण खाली नेऊन पाहिला. मगच हात गिअरवर. पहिला नाही, दुसरा घातला. क्लच इतका हळू सोडला की इंजिनचा सूरसुद्धा बदलला नाही. चाक फिरलं नाही, चाललं. तणसावरून गाडी वर आली आणि पुलावर जाऊन उभी राहिली.

बाया परत खाली वाकल्या. मी मात्र तिथेच चिखलात उभा होतो. हवालदार माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.

"साहेब," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही मिलवाल्याच्या गाडीत बसलात तेव्हा सीट मागे घेतली होती का?"

"नाही. बसलो फक्त."

"गुडघे लागले होते?"

"नाही. आरामात बसलो होतो."

मी पावणेसहा फुटांचा माणूस.

ठाण्यात येऊन आम्ही आधी दोन पंच बोलावले. या वेळी मी हात खरोखरच पाठीमागे बांधून उभा राहिलो. मुद्देमालातली किल्ली काढली, गाडीचं दार उघडलं. गाडी बांधीत तोंडावर गेली होती तेव्हा पुढच्या भागात चिखलाचं पाणी शिरलं होतं. ते पाणी सुकलं होतं आणि सीटखालच्या पट्ट्यांमध्ये माती सिमेंटसारखी बसली होती. हवालदाराने दांडी ओढली, पंचाने ओढली. सीट तसूभर हलेना. म्हणजे अपघाताच्या क्षणी ती जिथे होती तिथेच होती. तिथे गेल्यावर माझा हात फक्त गिअरवर गेला, सीटवर गेला नाही, हे माझं कर्तृत्व नव्हे, माझ्या उंचीची कृपा.

ड्रायव्हरला बसवलं. डावा पाय लांब केला. क्लच अर्धा दाबला गेला, त्याच्या खाली पाय पोहोचेना. कंबर सीटवरून सरकवून, स्टिअरिंगला लोंबकळून तो पोहोचू शकत होता, पण मग त्याला रस्ता दिसत नव्हता. पंचांनी फूटपट्टी लावून अंतर लिहून घेतलं. ज्याचा पाय क्लचला पोहोचत नाही तो माणूस गाडी उतारावर आणू शकत नाही, गिअर बदलू शकत नाही, आणि घसरवूही शकत नाही.

ड्रायव्हर सीटवर तसाच बसून राहिला. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "सेठची रोजची गाडी आपोआप गिअरवाली हाय जी. थे दुरुस्तीले गेली होती. पुलाच्या मागं म्हनाले, मले दे जरा. म्या म्हनलं, चिखल हाय. त म्हनाले, तू मले शिकवतो का?" उतरता उतरता म्हणाला, "सांगतलं आता. आता घर गेलं."

मालकाला समन्स काढून बोलावलं. तो वकील घेऊन आला, पण सीटवर बसायची वेळ आली तेव्हा वकील काय करणार? त्याचे लांब पाय बरोबर बसले, क्लच तळापर्यंत गेला. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. माणूस वाईट नव्हता. त्या बाईच्या उपचारांची विचारपूस तो दर दिवसाआड करत होता, पण खरं सांगायची हिंमत तेवढी नव्हती. तो म्हणाला, "साहब, बायें पैर को तीन साल से कोई काम ही नहीं था. उस दिन अचानक याद आया कि क्लच भी होता है. छोड़ दिया. पैर को क्या पता कौन सी गाड़ी है."

पुढचं कागदांचं काम. मालकाविरुद्ध दोषारोपपत्र गेलं. ड्रायव्हरवर खोटी माहिती दिल्याबद्दल कारवाई करता आली असती. मी वरिष्ठांना सगळं लिहून कळवलं आणि त्याला साक्षीदार केलं. मलाही एक कागद मिळाला, घटनास्थळाची स्थिती बदलल्याबद्दल लेखी ताकीद. तो अजून माझ्याजवळ आहे. शाबासकीची पत्रं कुठे आहेत ते मला आठवत नाही.

या केसने मला काय शिकवलं, असं विचारलं तर मी आता दोनच गोष्टी सांगतो. एक, कबुली सगळ्यात निसरडी असते. तिच्यावर वेगात गेलं की आपली पकड सुटते आणि सुटल्याचं कळत नाही. दोन, आपण विचारतो तेवढंच लोक सांगतात. त्या बाईला मी फक्त डोळ्यांबद्दल विचारलं, ड्रायव्हरला फक्त गुन्ह्याबद्दल. त्याला गाडीबद्दल विचारलं तेव्हा तो खरं बोलला. माणूस स्वतःच्या घरासाठी खोटं बोलू शकतो; आपल्या हातच्या कामाबद्दल खोटं बोलणं त्याला जड जातं. आणि हो, उतारावर मी गाडी न्यूट्रल करत नाही आता.

सुटलेलं लायसन्स घेऊन मी स्वतः गेलो होतो. पोस्टाने पाठवता आलं असतं, पण मला ते हातात द्यायचं होतं. मिलच्या आवारातलं घर गेलंच होतं. दोघे नवरा-बायको सडक अर्जुनीजवळ तिच्या भावाकडे राहायला आले होते, आणि हायवेच्या बाजूच्या एका मोकळ्या पडीक जागेवर तो लोकांना गाडी शिकवायला लागला होता. मी गेलो तेव्हा तो तिकडेच होता. घरी बायको होती. तिने खुर्ची टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला.

मी लायसन्स तिच्या हातात दिलं. म्हणालो, "गुन्ह्यातून त्यांचं नाव आम्ही पूर्ण काढलं. आता काही काळजी नाही." आणि खरं सांगतो, मग मी थोडा थांबलो. माणूस अशा वेळी थांबतो.

तिने लायसन्स उलटसुलट करून पाहिलं, फोटोवर पदर फिरवला, आणि चुलीकडे वळता वळता म्हणाली,

"नाव काढलं, बरं झालं जी. पन टाकलं होतं कोनं?"